इन्कॉग्निटो विंडो
ब्राउझरमधील तात्पुरती विंडो. ती बंद केली की त्या वेळचा इतिहास, कुकी (संकेतस्थळे ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदी) व अर्जांत भरलेला मजकूर ब्राउझर जपून ठेवत नाही. क्रोम व एजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन, फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून ती उघडते.

सोयीचा आरंभ बहुधा ॲपलच्या सफारीपासून (२००५) धरतात. क्रोमने २००८ मध्ये दिलेले नाव रूढ झाल्यामुळे श्रेयही अनेकदा क्रोमकडे जाते. सफारीचा अग्रमान अधिक ग्राह्य वाटतो. इंटरनेट एक्सप्लोरर व फायरफॉक्समध्ये ती २००९ साली आली. अगरवाल, बुर्स्टाइन, जॅक्सन व बोने या संगणक-संशोधकांनी २०१० मध्ये दोन प्रकारचे पाळतखोर वेगळे काढले : मागाहून यंत्र हाती येणारा आणि खुद्द संकेतस्थळ. पुढील चर्चा याच विभागणीवर उभी आहे. पहिल्यापासूनचे संरक्षण अपुरे, दुसऱ्यापासूनचे नाममात्र. इन्कॉग्निटोतही वापरकर्त्यांचा माग ठेवल्याबद्दल गूगलवर अमेरिकेत २०२० साली दाखल झालेला दावा दुसऱ्या प्रकाराचा होता. २०२४ च्या तडजोडीत गूगलने जुन्या नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

विदर्भातील खेड्यांत सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचे अर्ज सेवा केंद्राच्या एकाच संगणकावर भरले जातात. तिथे पहिला प्रकार महत्त्वाचा. डाउनलोड केलेली पीडीएफ विंडो बंद झाली तरी फोल्डरमध्ये राहते. ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो, पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरे व जन्मवर्ष. गावात हे कुणाला ठाऊक नसते? फाइल शिफ्ट-डिलीटने काढावी, रिसायकल बिनमध्ये टाकून भागत नाही. क्रोमच्या सर्व उघड्या इन्कॉग्निटो विंडो एकच सत्र, म्हणजे त्याच कुकी व लॉगिन, वापरतात. मागच्या गिऱ्हाइकाची एक जरी उघडी राहिली, तरी त्याचे लॉगिन पुढच्याच्या हाती लागते. विंडोजची डीएनएस कॅश, म्हणजे उघडलेल्या संकेतस्थळांच्या पत्त्यांची तात्पुरती यादी, हीही ब्राउझरबरोबर रिकामी होत नाही. ती ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ या आज्ञेने साफ होते.

सायबर कॅफेविषयीच्या २०११ च्या केंद्रीय नियमांनुसार पाहिलेल्या संकेतस्थळांची नोंद चालकाने किमान एक वर्ष ठेवायची असते. विंडो कोणती होती याने त्यात फरक पडत नाही. संकेतस्थळाशी जोडणी एचटीटीपीएस (सांकेतिक रूपात बंद केलेली) असली की इंटरनेट सेवा पुरवठादाराला पानातला मजकूर दिसत नाही, संकेतस्थळाचे नाव मात्र सहसा कळते. शेजाऱ्याच्या मोबाइलचा हॉटस्पॉट घेतला असेल, तर कंपनीकडील नोंद त्याच्या सिमवर पडते.