साउंड इंजिनिअर व्हायचंय की साउंड डिझायनर?

'साउंडमध्ये काहीतरी करायचंय' म्हणणारी मुलं पुण्यात बरीच भेटतात. पुरुषोत्तम करंडकात कुणी कॉलेजच्या एकांकिकेचं पार्श्वसंगीत सांभाळलेलं असतं, कुणी गणपतीत मंडळाच्या मिक्सरवर हात बसवलेला असतो. चौकशी मात्र सगळे एकाच गोष्टीची करतात, साउंड इंजिनिअरिंगची. त्यातल्या कित्येकांना मनातून साउंड डिझाइन शिकायचं असतं. दोन्हीकडे तोच हेडफोन आणि तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे घोळ होणारच. पण तो फी भरण्याआधी मिटलेला बरा.

एक प्रसंग घेऊ. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यातलं स्वयंपाकघर. आई गॅसपाशी उभी आहे आणि मुलगा सांगतोय की तो घर सोडून चाललाय. शूटिंगला साउंड रेकॉर्डिस्ट, म्हणजे तिथला साउंड इंजिनिअर, आधी फ्रिज आणि पंखा बंद करायला लावतो. बोळातून गाड्या येऊ नयेत म्हणून तोंडाशी एक माणूस उभा करतो. आईच्या पदराआड लावलेला लेपल माइक कापडाला घासतोय का, हे कान देऊन ऐकतो. घासत असेल तर शॉट पुन्हा मागतो, युनिट कितीही वैतागलेलं असलं तरी. शेवटी सगळ्यांना गप्प उभं करून नुसत्या खोलीचा आवाज अर्धा-एक मिनिट रेकॉर्ड करून घेतो. याला रूम टोन म्हणतात. तो नसेल तर दोन वाक्यांच्या मधली जागा एकदम मरते आणि कात्री कुठे लागली ते प्रेक्षकालाही कळतं. बोललेला प्रत्येक शब्द स्वच्छ मिळवणं ही त्याची जबाबदारी.

आता हाच प्रसंग साउंड डिझायनरच्या टेबलावर येतो. बंद केलेल्या फ्रिजची घरघर परत घालायची का? मुलगा 'जातो' म्हणतो तेव्हा शेजारच्या घरात कुकरची शिट्टी व्हावी का? समजा, दूध उतू गेल्याचा चर्रर्र आवाज येतो आणि आई गॅस बंद करायला वळतच नाही. पडद्यावर दूध दिसत नाही, संवादातही नाही, तरी तिची अवस्था कळते. हा निर्णय डिझायनरचा. तो चर्रर्र आवाज फोली स्टुडिओत चित्र बघत बघत वेगळा तयार करावा लागतो, मग त्याची पातळी संवादाच्या किती खाली ठेवायची ते मिक्सिंगमध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, ठरतं. म्हणून माझं ठाम मत आहे की ज्याला गोष्ट वाचण्यात रस नाही त्याने डिझाइनच्या वाटेला जाऊ नये. सॉफ्टवेअर शिकता येतं; काय ऐकवायचं नाही, हे ठरवायला संहितेची समज लागते.

लॉ कॉलेज रस्त्यावर, प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट-टीव्ही संस्थेच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या नावातच साउंड रेकॉर्डिंग आणि साउंड डिझाइन दोन्ही आहेत. तिथेच शिकलेले रसूल पूकुट्टी यांना २००९ मध्ये 'स्लमडॉग मिलियनेअर'साठी ऑस्कर मिळालं ते साउंड मिक्सिंगचं. पुढे ५७व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा गौरव झाला तो 'पळस्सी राजा' या मल्याळम चित्रपटाचे साउंड डिझायनर म्हणून. त्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कारांत लोकेशन रेकॉर्डिस्ट, डिझायनर आणि अंतिम मिश्रण करणारा अशा तिघांचा वेगवेगळा विचार झाला होता. एकच माणूस दोन्ही करू शकतो, पण कामं दोन आहेत.

पालकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. खासगी संस्थांच्या साउंड इंजिनिअरिंग कोर्समधून सहसा बी.ई. मिळत नाही, डिप्लोमा किंवा सर्टिफिकेट मिळतं. ते वाईट नाही, पण घरी गैरसमज नको.

इंजिनिअरचं जग चित्रपटापुरतं नाही. सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मोठ्या मंडपाचा विचार करा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. स्टेजपासून ७० मीटरवर बसलेल्या माणसाला तो सेकंदाच्या पाचव्या भागाइतका उशिरा पोचतो. मध्ये लावलेल्या स्पीकरना स्टेजपासूनच्या त्यांच्या अंतराच्या हिशेबाने उशीर दिला नाही तर एकच तान दोनदा ऐकू येते. इथे हिशेब चुकून चालत नाही. याखेरीज रेकॉर्डिंग स्टुडिओ आहेत, सभागृहांचं अकूस्टिक्स, म्हणजे तिथे आवाज कसा घुमतो ते सांभाळणं, आहे, पॉडकास्ट आणि ऑडिओबुक आहेत.

डिझायनरला चित्रपट, ओटीटी, जाहिराती, नाटक आणि गेम्स. युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा स्टुडिओ पुण्यातच आहे. गेममध्ये पावलांचा एकच आवाज वापरून भागत नाही. माती, फरशी, पाणी, प्रत्येकाचे अनेक नमुने लागतात, कारण खेळाडू कुठे जाईल ते आधी माहीत नसतं.

आणि दोघे एकमेकांना हमखास भेटतात ते मोटारींच्या धंद्यात, जो पुण्याचाच आहे. गाड्यांची तपासणी आणि संशोधन करणारी एआरएआय वेताळ टेकडीवर, एफटीआयआय त्याच टेकडीच्या पायथ्याला, हे मला फार आवडतं. गाडीतली थरथर आणि गोंगाट मोजून कमी करणं हे मेकॅनिकलवाल्याचं काम. पण विजेवरची गाडी हळू चालताना जवळपास आवाजच करत नाही. रस्ता ओलांडणाऱ्या अंध माणसाला ती कळावी म्हणून तिला आवाज द्यावा लागतो. तो किती मोठा हवा हे मोजमाप ठरवतं. कसा हवा, म्हणजे कळेल पण दचकवणार नाही, हे डिझायनरने ठरवायचं.

कमाईचं म्हणाल तर चित्रपटात सुरुवातीची वर्षं फ्रीलान्सची आणि बहुतेक वेळा मुंबईच्या फेऱ्यांची. गाडी कंपनीत किंवा गेम स्टुडिओत पगार महिन्याला ठरलेला.

कोर्स निवडण्याआधी घरीच एक काम करा. कुठलाही मिनिटभराचा व्हिडिओ मूक करा आणि त्याचा सगळा आवाज नव्याने बांधा. मंडईतला गलका, पीएमपीच्या बसचा ब्रेक, तुळशीबागेतली हाक, जे लागेल ते स्वतः फोनवर रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंगमधली घरघर काढण्यात रात्र गेली तर रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगचे कोर्स आधी बघा. ब्रेकचा आवाज नेमका कुठे यावा यावरच रात्र गेली तर डिझाइनचे. ती फाइल जपून ठेवा, काम मागायला जाल तेव्हा सर्टिफिकेटच्या आधी तीच मागतात.