बोहारीण (मुंबई)

बोहारीण म्हणजे दारावर येऊन जुने कपडे घेणारी आणि त्याच्या बदल्यात नवी भांडी देणारी बाई, मुंबईत तिला भांडीवाली पण म्हणतात. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचं गाठोडं आणि दोन मजले खालूनच ऐकू येणारी "भांडीय्येऽऽ" अशी हाक. यातल्या बऱ्याचशा बायका मूळ गुजरातच्या वाघरी समाजातल्या, त्यालाच आता देवीपूजक म्हणतात, त्यामुळे बोलताना मराठीत गुजराती सहज मिसळते. पैसे नाहीत, बिल नाही, गॅरंटी तर विसराच.

मुंबईत हा व्यवहार एवढा रुजला त्याला जागेची टंचाई हे एक कारण आहेच. 1920 च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली 160 स्क्वेअर फुटांची, त्यात अख्खं कुटुंब, वर गावाहून आलेला कोणी ना कोणी, मग जुने कपडे ठेवणार कुठे? पण मला वाटतं त्याहून मोठं कारण घरातल्या बाईच्या हातात रोख पैसा नसायचा हे आहे. नवा डबा हवा तर नवऱ्याकडे मागा, तो म्हणणार पुढच्या पगाराला बघू, आणि जुने कपडे मात्र सगळे हिच्या ताब्यात, त्यांचं काय करायचं ते कोणी विचारत नाही. बोहारीण पण यायची ती दुपारचीच, पुरुष गिरणीत नाहीतर ऑफिसात आणि जेवणंखाणं आटोपलेली. कित्येक घरातल्या पराती, टोप, कळश्या अशाच आल्यात.

कुठला कपडा कुठे जाणार हेही ठरलेलं असतं. मऊ झालेली सुती साडी बोहारणीला कधीच द्यायची नाही, ती गोधडीला, आणि नात्यात कोणाला बाळ होणार असेल तर त्यातलंच दुपटं, झबलं, टोपरं शिवून बाळंतविड्यात जातं, नव्या कापडापेक्षा ते बाळाच्या अंगाला बरं. खऱ्या जरीची साडी वेगळी, ती जुनी जरी घेणाऱ्याकडे, कारण जाळून त्यातली चांदी काढतात. राहिलं ते टेरिकॉट, सिंथेटिक साड्या, शर्ट-पॅन्ट, हा खरा बोहारणीचा माल. त्यातही पॅन्टला सगळ्यात जास्त भाव, लहान मुलांच्या कपड्यांना जवळपास काहीच नाही.

घासाघीस बघण्यासारखी असते. ती पॅन्ट उजेडाकडे धरते, बसायच्या जागी विरलीय का बघते, चेन वरखाली करते, शर्टाची कॉलर उलटी करून बघते. "काकू, बटणं कुठे गेली याची?" बटणं काकूंनी आदल्या रात्रीच कापून डब्यात टाकलेली असतात! मग काकू टोप हातात घेऊन नखाने वाजवतात, पत्रा पातळ आहे म्हणतात, आणि तो असतोच पातळ. "अजून एक पॅन्ट टाका ने ताई, परवडत नाही" असं म्हणत ती पाटी उचलायला लागते, जिना उतरते, अर्ध्या जिन्यावरून परत येते. शेवटी एक जुनी चादर वर टाकून सौदा मिटतो, आणि संध्याकाळी शेजारणींना भांडं दाखवताना त्या चादरीचा उल्लेख होत नाही.

घेतलेले कपडे निवडून, धुवून, उसवलेलं शिवून, इस्त्री करून जुन्या कपड्यांच्या बाजारात आणि फुटपाथवर विकले जातात, घेणारे मुख्यतः मजूर आणि शहरात नवीन आलेली माणसं. अगदीच फाटकं सुती असेल ते चिंध्या म्हणून किलोवर गॅरेज आणि छापखान्यांत मशिनी पुसायला जातं. म्हणजे बोहारणीची कमाई भांड्यात नसून या पुढच्या विक्रीत आहे आणि धुण्या-शिवण्याची मेहनत सगळी घरच्यांची, ती भाव पाडून मागते तेव्हा हे आपल्याला दिसत नाही.

आता टॉवरच्या गेटवर वॉचमन फेरीवाल्यांना आत सोडत नाही, दुपारी घरात कोणी नसतं, आणि जुने कपडे कामवाल्या मावशींना नाहीतर 1999 मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या गूंजसारख्या संस्थांना दिले जातात. तरी जुन्या चाळी आणि बिनलिफ्टच्या सोसायट्यांत बोहारीण अजून दिसते, दिवाळीच्या साफसफाईत तर हमखास. पाटीत आता स्टीलच्या जोडीला प्लॅस्टिकचे टब आणि बादल्याही असतात.