थेट सरपंच : निवडणारे कोण आणि काढणारे कोण

सरपंच गावाने निवडायचा की सदस्यांनी, या एका प्रश्नावर महाराष्ट्रात २०१७ ते २०२२ या पाच वर्षांत तीनदा कायदा बदलला. त्याआधी, १९५८च्या ग्रामपंचायत कायद्यापासून जवळपास सहा दशके, सदस्यच आपल्यातला एक सरपंच निवडत. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणाऱ्या ७३व्या घटनादुरुस्तीनेही यात हात घातला नाही. पंचायत समितीचा सभापती आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष सदस्यांतूनच निवडायचा, असे घटनेने बांधून दिले. गावापुरता निर्णय मात्र राज्यांवर सोडला. म्हणूनच मध्य प्रदेश, राजस्थान आणि गुजरातमध्ये गाव थेट सरपंच निवडते, तर गोव्यात पंच निवडतात.

जुन्या पद्धतीत काय व्हायचे ते ग्रामीण भागात सर्वांनी पाहिले आहे. सात सदस्यांच्या पंचायतीत चौघे हाताशी आले की सत्ता आली. निकाल लागला की रात्रीच गाड्या निघत. सदस्य ‘देवदर्शना’ला जात, फोन बंद होत आणि सरपंच निवडीच्या दिवशी गाडी थेट पंचायतीच्या दारात येऊन थांबे. बहुमत काठावरचे असेल तर सव्वा-सव्वा वर्षाच्या वाटण्या ठरत. ठरलेल्या दिवशी राजीनामा आला नाही, की अविश्वास ठराव.

सरपंच गावानेच थेट निवडायचा, ही २०१७ची दुरुस्ती या पार्श्वभूमीवर आली. तिच्याबरोबर ‘लोकनियुक्त सरपंच’, ‘जनतेतून सरपंच’ हे शब्द रूढ झाले आणि घोळ तिथेच झाला. सदस्य काय जनतेतून येत नाहीत? तोही प्रभागातल्या मतदारांनीच निवडलेला असतो. फरक एवढाच की सदस्यामागे एका प्रभागाचा कौल असतो आणि सरपंचामागे सगळ्या गावाचा. पण ‘लोकनियुक्त’ हे बिरुद एकट्या सरपंचाला लागले आणि सदस्य जणू कमी प्रतीचे ठरले. सरपंच एका पॅनेलचा, बहुमत दुसऱ्याचे, अशा गावांत दोघेही ‘लोकांनी आम्हाला निवडले’ म्हणतात आणि दोघांचेही खरे असते. मग मासिक सभेत ठराव अडतात, गटाराचे काम वर्षभर कागदावर राहते.

सगळा वाद निवडीभोवती फिरला. माझ्या मते महत्त्वाचा बदल काढण्याच्या कलमात होता. पूर्वी दोन तृतीयांश सदस्य, आणि महिलेसाठी राखीव पद असेल तर तीन चतुर्थांश, सरपंचाला घरी पाठवू शकत. थेट सरपंचाविरुद्ध पहिली दोन वर्षे आणि शेवटचे सहा महिने ठराव आणता येत नाही. नंतरही तीन चतुर्थांश सदस्यांनी तो मंजूर केला की विषय ग्रामसभेपुढे जातो आणि गाव गुप्त मतदान करते. शाळेच्या आवारात रांग लावून, निवडलेल्या माणसाला ठेवायचे की नाही हे गावाने चिठ्ठीवर ठरवायचे! ग्रामसभेला इतका ठोस अधिकार क्वचितच मिळाला असेल, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी झाली.

सरकार बदलले आणि २०२०मध्ये निवड पुन्हा सदस्यांकडे गेली. राज्यपालांनी वटहुकमावर सही केली नाही, तेव्हा विधिमंडळात विधेयक आणून बदल झाला. त्यासोबत ग्रामसभेचे मतदानही गेले. जानेवारी २०२१मध्ये चौदा हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या त्या याच पद्धतीने, आणि सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निकालानंतर निघाली. बहुमत मिळवलेल्या पॅनेलकडे आरक्षित प्रवर्गाचा सदस्यच नाही, अशी वेळ काही गावांवर आली.

पुन्हा सरकार बदलले आणि २०२२मध्ये थेट निवड परत आली, ग्रामसभेच्या मतदानासह. नगराध्यक्षपदाचा प्रवासही असाच आहे. १९७४मध्ये थेट निवड झाली, २००१ आणि २०१६मध्ये पुन्हा आली, मधे-मधे रद्द होत राहिली. डिसेंबर २०२५च्या नगरपालिका निवडणुकांत लोकांनी नगराध्यक्ष थेट निवडले. उपसरपंच मात्र आजही सदस्यच निवडतात.