नोकरी, दाखला, वय: डभोई-पादऱ्याच्या आरोग्यविम्याची पार्श्वभूमी

बडोद्याजवळच्या डभोई किंवा पादऱ्यातल्या एखाद्या मराठी घरात आज डोकावलं, तर तिथे तीन तऱ्हा एकत्र नांदताना दिसू शकतात. आजींकडे आयुष्मान कार्ड, आईवडिलांची नावं पुण्यातल्या थोरल्याच्या कंपनीच्या पॉलिसीत, आणि गावात दुकान सांभाळणारा धाकटा विम्याविना. सरकारी पाहणीत मात्र हे घर 'विमा असलेलं' ठरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरातल्या एकाचा जरी विमा असला तरी घर मोजलं जातं. २०१५-१६ मध्ये देशात अशी घरं २८.७ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ४१ टक्के झाली. आकडा वाढला हे खरं, पण धाकटा त्यात कुठेच दिसत नाही.

याची मुळं जुनी आहेत. आपल्याकडे विम्याचं छत्र आधी नोकरी बघून मिळालं, मग गरिबी बघून आणि अगदी अलीकडे वय बघून.

डभोईत नोकरी म्हणजे बराच काळ रेल्वे. १८६२ साली बडोद्याच्या खंडेराव गायकवाड महाराजांच्या कारकिर्दीत डभोई-मियागाम अरुंद रूळ पडले आणि सुरुवातीला त्यावरचे डबे चक्क बैलांनी ओढले. पुढे डभोई या छोट्या गाडीचं मोठं जंक्शन झालं. रेल्वेत लागलेल्या माणसाच्या घरच्यांना बडोद्याच्या प्रतापनगरला रेल्वेचं हॉस्पिटल होतं, तेही निवृत्तीनंतरसुद्धा. लग्न जमवताना 'मुलगा रेल्वेत आहे' या वाक्याला जे वजन असे, त्यात पेन्शनइतकाच या दवाखान्याचाही वाटा असणार, असं मला वाटतं.

कारखान्यातल्यांसाठी ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, आलं. कायदा १९४८ चा, प्रत्यक्ष सुरुवात २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत. बडोद्यात अलेम्बिक १९०७ पासून होतीच, साठच्या दशकात खत कारखाना आणि कोयलीची रिफायनरी उभी राहिली. जो पगारपत्रकावर, त्याच्या घराची सोय झाली. कंत्राटी मजूर, किराणा दुकानदार, शिकवण्या घेणाऱ्या बाई, पूजा सांगणारे गुरुजी बाहेरच राहिले.

१९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम, म्हणजे स्वतः हप्ता भरून घ्यायचा आरोग्यविमा, आणलं. त्यात भरती झालं तरच पैसे मिळत, आधीपासूनची दुखणी वगळलेली असत, आणि मधुमेह-बीपीच्या दरमहाच्या गोळ्या खिशातूनच घ्याव्या लागत. तालुक्याच्या गावात ते फारसं रुजलं नाही यात नवल नाही.

गरिबीचं दार उघडलं २००८ मध्ये. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत ३० रुपये नोंदणी भरून पाच जणांच्या बीपीएल (दारिद्र्यरेषेखालच्या) कुटुंबाला वर्षाला ३० हजारांचं संरक्षण मिळे. हृदयाचं ऑपरेशन किंवा कॅन्सर यापुढे ही रक्कम कुठे पुरणार? म्हणून गुजरातने ४ सप्टेंबर २०१२ ला 'मुख्यमंत्री अमृतम' काढली. हेच ते सगळ्यांच्या तोंडी बसलेलं 'मा कार्ड'. मोठ्या आजारांसाठी २ लाख, वर जाण्यायेण्याचे ३०० रुपये. बडोद्याला बसने हेलपाटे घालणाऱ्याला त्या ३०० रुपयांची किंमत कळते. १५ ऑगस्ट २०१४ ला 'मा वात्सल्य'मधून वार्षिक १.२० लाखापर्यंत उत्पन्न असलेली घरंही आली. इथे मात्र पाच माणसांची मर्यादा आडवी आली. एकत्र कुटुंबात त्या पाचांत आजीला बसवायचं की नातवाला, हा प्रश्न घराघरांत निघाला असणार.

२३ सप्टेंबर २०१८ ला केंद्र सरकारची आयुष्मान भारत योजना आली. रक्कम ५ लाख, माणसांची मर्यादा नाही. निवड मात्र २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून झाली आणि तिथे छोट्या गावांची गंमत झाली. खेड्यात घराच्या कच्च्या भिंती, भूमिहीनता, जात असे निकष होते. शहरात फेरीवाला, गवंडी, शिंपी, रिक्षावाला, दुकानातला नोकर असे ११ कामधंदे. डभोई-पादऱ्याला नगरपालिका असल्यामुळे ती 'शहर' ठरली. वेशीपलीकडच्या वस्तीत गळकं छप्पर मोजलं गेलं, वेशीच्या आत मोजलं गेलं नाही. गुजरातने उत्पन्नाच्या दाखल्याचं दार उघडं ठेवलं आणि मर्यादा वाढवत ४ लाखांपर्यंत नेली, म्हणून निदान मधली काही घरं आत शिरली. पण मामलतदार कचेरीतून दाखला काढून, मुदत संपली की नवा करून कार्ड चालू ठेवावं लागतं. धाकटे सुटतात ते बहुधा इथे. जुलै २०२३ पासून गुजरातने ५ चे १० लाख केले, ते कार्ड हातात असणाऱ्यांसाठी.

दरम्यान गावाची घडणच बदलली. शिकलेली मुलं बडोदा, पुणे, मुंबईला गेली, मागे आईवडील राहिले. मुलाच्या कंपनीने आईवडिलांना सामावून घेतलं तर ठीक, पण त्याने नोकरी बदलली की ते छत्रही जातं. स्वतःची पॉलिसी घ्यायची तर विमा कंपन्या ६५ नंतर दार लावून घेत. ही वयाची अट २०२४ मध्ये निघाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेला, तरी साठीनंतरचा हप्ता पेन्शनरला जडच असतो.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान खुली झाली. आजींचं कार्ड यातलंच. खासगी नोकरीतून साठीला घरी बसलेल्याची मात्र मधली दहा वर्षं उघडी राहतात. ईएसआयमध्ये किमान पाच वर्षं काढून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपयांत नवराबायकोचे उपचार चालू ठेवता येतात, पण बाकीच्यांना मुलाची कंपनी, दाखला किंवा सत्तरावा वाढदिवस, यांतलं काहीतरी गाठावं लागतं.