गोल्फचे 18 होल आणि व्हिस्कीची बाटली

काणकोणला राजबागच्या गोल्फ मैदानाजवळ परवा पुन्हा तेच ऐकलं: व्हिस्कीच्या बाटलीत 18 घोट, म्हणून गोल्फला 18 होल, म्हणजे चेंडू खळग्यात घालायचे 18 टप्पे. हे खरं नव्हे.

स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला पूर्वी 22 होलांची फेरी असे. तेच होल जाताना खेळायचे, तेच परतताना. 1764 मध्ये सुरुवातीचे चार जोडून दोन केले. जाताना दोन कमी, येताना दोन कमी, उरले 18. बाटलीचा इथे काही संबंधच नाही.

शिवाय बाकीची मैदानं आपापल्या आकड्यावरच होती. थोर गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिस यांनी आखलेल्या, स्कॉटलंडमधल्याच प्रेस्टविकच्या मैदानाला 12 होल होते, आणि 1860 ची पहिली ओपन ही ब्रिटनमधली मोठी गोल्फ स्पर्धा तिथेच बाराच्या तीन फेऱ्यांत खेळली गेली.