क्वार्टरबॅक कोच आणि ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर: फरक नेमका कुठे?

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. बॉइझी स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक म्हणून केलन मूरने ५० सामने जिंकले, हरले फक्त ३. तरीही एनएफएल या व्यावसायिक लीगच्या २०१२च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याला कुणीच निवडलं नाही. २०१८मध्ये खेळणं थांबवून तो डॅलस काउबॉइज या एनएफएल संघाचा क्वार्टरबॅक कोच झाला आणि पुढच्याच वर्षी ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. अमेरिकन फुटबॉल नव्याने बघणाऱ्यांना ही साधी बढती वाटते. खरं तर इथे कामच बदलतं.

क्वार्टरबॅक कोचच्या हाताखाली खेळाडू दोन-तीनच, आणि त्याची नजर आधी त्यांच्या पायांवर. सेंटरच्या, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूच्या, हातून थेट चेंडू घेतला की क्वार्टरबॅक स्लँटसारख्या छोट्या रूटसाठी (रिसीव्हरच्या ठरलेल्या धावेसाठी) तीन पावलं मागे जातो, मध्यम रूटसाठी पाच. शेवटचं पाऊल टेकतं त्याच सुमारास रिसीव्हर, म्हणजे फेक झेलणारा, वळायला हवा. पावलं रेंगाळली तर फेक उशिरा निघते आणि बचावपटूला चेंडूवर झेपावायला वेळ मिळतो. वजन मागच्या पायावरच राहिलं तर चेंडू रिसीव्हरच्या डोक्यावरून जातो. अशा वेळी लोक खांद्यात दोष शोधतात, पण तो बरेचदा पायांत असतो.

कोऑर्डिनेटरला आक्रमणातल्या सगळ्या ११ जणांचा विचार करावा लागतो: रचना कोणती, क्वार्टरबॅकला संरक्षण कसं, कोण कुठे धावणार. बहुतेक संघांत सामन्यात प्ले, म्हणजे पुढची चाल, हीही तोच सांगतो, आणि खरी कसोटी तिथे लागते. चाल सुरू करायची मुदत मोजणारं प्ले क्लॉक ४० सेकंदांचं. त्यातले १५ उरले की क्वार्टरबॅकला कॉल ऐकवणारा हेल्मेटमधला रेडिओ बंद होतो. म्हणजे ठरवून सांगायला जास्तीत जास्त २५ सेकंद. कॉल उशिरा आला तर क्वार्टरबॅकला समोरचा बचाव वाचून संरक्षण बदलता येत नाही, आणि एखादा बचावपटू मोकळा आत घुसतो. वेळ संपलाच तर ५ यार्डांचा दंड.

डॅलसमध्ये २०१८ला प्ले सांगायचे स्कॉट लाइनहन. २०१९मध्ये ते काम मूरकडे आलं आणि क्वार्टरबॅकांची जबाबदारी जॉन किटनाकडे गेली, तोही जुना क्वार्टरबॅकच.

पदाच्या नावावरून मात्र प्ले कोण सांगतं हे कळेलच असं नाही. २०२५मध्ये मूर न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा मुख्य प्रशिक्षक झाला. तिथे कोऑर्डिनेटर डग नसमायर असले तरी प्ले मूरच सांगतो. त्यामुळे सेंट्सचा प्ले फसला तर बोट मूरकडेच दाखवायला हवं.