हुकूम सगळ्यात शेवटी येतो: फौजी लीडरशिपची खान्देशातून बघितलेली पार्श्वभूमी

पहाटे चोपडा-यावल रस्त्याने गेलं की पोरं पळताना दिसतात, फौजेच्या भरतीसाठी सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत आणायचे म्हणून, आणि मागून अकॅडमीचे रिटायर्ड सर ओरडत असतात. तेच सर दुपारी एखाद्या कॉलेजात नाहीतर पतपेढीत 'प्रेशरमध्ये लीडरशिप' या विषयावर बोलायला जातात. ऐकणाऱ्यांच्या डोक्यात ठरलेलं असतं की फौज म्हणजे मोठा आवाज, कडक हुकूम आणि नाही ऐकलं की रगडा. मला हे अर्धवट वाटतं, आणि का वाटतं ते सांगायला फार लांब जायला नको, बालकवींच्या धरणगावपर्यंत गेलं तरी पुरे.

१८१८ ला पेशवाई बुडाली आणि खान्देश इंग्रजांकडे गेला, पण गेला तो कागदावर. डोंगरातले भिल्ल नाईक, म्हणजे टोळ्यांचे म्होरके, त्यांना जुमानतच नव्हते. का जुमानतील? आधी शिंदे-होळकरांच्या भांडणात मुलूख तुडवला गेला, त्यात १८०३ च्या आसपासचा दुष्काळ, आणि गाव राखायचे, घाट राखायचे जे भिल्लांचे जुने हक्क होते तेही बुडाले, मग पोटासाठी लूट सोडून राहिलं काय. इंग्रजांनी सात वर्षं तुकड्या पाठवून बघितल्या, डोंगरात शिपाई तापानेच झोपायचे. शेवटी मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन म्हणाला की भिल्लांचीच पलटण उभी करा, आणि १८२५ मध्ये हे काम जेम्स औट्रम नावाच्या २२ वर्षांच्या लेफ्टनंटला दिलं.

औट्रमने सुरुवात छाप्यानेच केली, हे लपवायचं कारण नाही. पण मग पकडलेल्यांतले काही सोडले, त्यांच्याच हातून नाईकांना निरोप धाडले, आणि स्वतः पहारा न घेता एकटा त्यांच्या जंगलात जाऊन राहिला. ब्रँडीही भरपूर पाजली, त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. इतकं करून पलटणीत यायला तयार झाले किती, तर पाच जण! त्या पाचांवरून पुढे काही वर्षांत शेकड्यांची खान्देश भिल्ल कोअर झाली, ठाणं धरणगाव. यातला मला सगळ्यात आवडणारा भाग मालेगावच्या छावणीतला आहे. ही नवी माणसं तिथे गेली तेव्हा जुन्या पलटणीतले शिपाई त्यांना हसतील अशी धास्ती होती, पण त्यांनी जवळ बसवलं, जेवू घातलं, आणि परत आल्यावर हेच भिल्ल म्हणाले की आम्हाला आणखी ड्रिल द्या, आम्हाला त्यांच्या बरोबरीचं व्हायचंय. म्हणजे शिस्त त्यांनी स्वतः मागितली. पण माणूस म्हणून शेजारी बसवल्यावर मागितली, त्याच्या आधी नाही.

अर्थात हे सगळं राज्य पक्कं करायला चाललेलं होतं, औट्रमला देव्हाऱ्यात बसवायची काही गरज नाही. सेंधवा घाट राखायची इंग्रजांची नोकरी केलेला खाज्या नाईकच १८५७ ला त्यांच्यावर उलटला, आणि एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात अंबापाणीला लढाई झाली तेव्हा समोरून इंग्रजांच्या बाजूनेही भिल्ल कोअरची माणसं होती. कमावलेला विश्वास कोणाच्या कामाला जुंपला जातो हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे, लीडरशिपवर बोलणारे तो टाळतात. १८९१ ला कोअर पोलिसात मिसळली.

तिकडे युरोपातही साधारण हाच धडा वेगळ्या वाटेने आला होता. १८०६ ला नेपोलियनने येनाच्या लढाईत प्रशियाला, म्हणजे जर्मनीतल्या त्या वेळच्या राज्याला, झोडपलं, तेव्हा त्यांना कळलं की वरून येणाऱ्या प्रत्येक हुकुमाची वाट बघणारी फौज गोंधळात नुसती उभी राहते. त्यातून हळूहळू पद्धत आली की खालच्याला काय साधायचंय ते सांगा, कसं ते त्याच्यावर सोडा.

आपल्याकडे डेहराडूनला १९३२ मध्ये मिलिटरी अकॅडमी निघाली आणि तिच्या उद्घाटनात इथल्या फौजेचा तेव्हाचा सरसेनापती चेटवूडने क्रम लावून दिला, आधी देश, मग तुमच्या हाताखालची माणसं, आणि तुमचा स्वतःचा आराम नेहमी शेवटी. पुढे दुसऱ्या महायुद्धात ऑफिसर कमी पडायला लागले, नुसत्या इंटरव्ह्यूने माणूस कळेना, म्हणून १९४२ ला ब्रिटनमध्ये आणि १९४३ ला इथे सिलेक्शन बोर्ड आले, आपली पोरं ज्याला एसएसबी म्हणतात ते. त्यात ग्रुपला फळ्या, दोर आणि ओंडका देतात आणि अडथळे पार करायला सांगतात, लीडर कोण ते सांगतच नाहीत. जो सगळ्यात जास्त ओरडतो तो बऱ्याचदा घरी येतो.

आणि व्हिएतनामनंतर अमेरिकन आर्मीने एक साधी गोष्ट घडवली, ८० च्या दशकात त्यांच्या कॅलिफोर्नियातल्या ट्रेनिंग सेंटरवर ती चांगली रुळली. सराव झाला की सगळे गोल बसणार, काय ठरलं होतं, काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय करायचं, आणि तेवढा वेळ हुद्दा बाजूला. कंपन्यांनी पुढे हे उचललं. 'रेझिलियन्स'चे, म्हणजे धक्क्यातून सावरायला शिकवणारे, कोर्स त्यानंतरचे, अमेरिकन आर्मीनेच २००९ ला सगळ्या सैनिकांसाठी तसा कार्यक्रम काढला.

आता हे सगळं आपल्या गावात का आठवायचं, तर अग्निवीर. जून २०२२ ला योजना आली, चार वर्षं नोकरी आणि चौथा हिस्साच कायम. पहिली बॅच २०२२-२३ च्या हिवाळ्यात ट्रेनिंगला गेली, म्हणजे २०२६-२७ पासून पंचविशीच्या आतबाहेरची माजी सैनिक पोरं गावोगाव दिसणार. त्यांना लोक सिक्युरिटीत उभं करतील की दुसरं काही विचारतील, बघायचं.

आमच्याकडे एक सुभेदार आबा आहेत, रिटायर होऊन केळी लावतात. मागे जूनच्या तोंडाला वादळ आलं आणि निसवलेली बाग अर्ध्या तासात आडवी. सकाळी बांधावर सगळे डोक्याला हात लावून. आबांनी आवाज चढवला नाही, एकेका माणसाला ओळी वाटून दिल्या, आडवी झाडं किती, विकता येतील असे घड किती ते मोजायला लावलं, एकाला पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे पिटाळलं, आणि मोडलेली झाडं ओढायचं जड काम स्वतः धरलं. संध्याकाळी ओट्यावर चहा घेताना विचारलं, आपलं चुकलं कुठे. सगळे गप्प. मग सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, म्हणाला की टेकू लावायला तुम्हीच आठ दिवस उशीर केला, मी तेव्हा बोललो होतो. आबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बराबर शे."